ठोंबरे बाईंचं ताट

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी शाळा सुटली की आम्ही चौघं हॉटेलात जायचो, आणि दर वेळी परत येताना मी मनाशी ठरवायचे की पुढच्या महिन्यापासून ठोंबरे बाईंना न्यायचं नाही. पुढचा महिना यायचा, बाई पर्स काखेत मारून फाटकाशी आमच्या आधी उभ्या असायच्या, आणि आम्ही मुकाट्यानं त्यांच्या मागून चालू लागायचो. कुठल्या टेबलावर बसायचं हेसुद्धा त्याच ठरवायच्या.

चौघं म्हणजे मी, हिंदी शिकवणाऱ्या मुल्ला मॅडम, पीटीचे घारे सर आणि ठोंबरे बाई. बाई आमच्यात वयानं मोठ्या. विज्ञान शिकवायच्या. बुटक्या, सावळ्या, केसांचा घट्ट अंबाडा, आणि हातातल्या बांगडीला कायम एक सेफ्टी पिन अडकवलेली. वर्गात त्यांचं मराठी पुस्तकातल्यासारखं चालायचं. वर्गाचा उंबरा ओलांडला की माहेरचं, चौक गावाच्या पलीकडचं, हाय-नाय सुरू व्हायचं. सातवीला संतुलित आहाराचा धडा त्यांच्याइतका छान कुणी शिकवत नसे. मी एकदा वर्गाबाहेर उभी राहून ऐकला होता. वेळेवर जेवावं, पोटभर जेवावं, गरम जेवावं, असं मुलांकडून तीनदा म्हणवून घेतलं त्यांनी. मला तेव्हाच आत जाऊन दोन शब्द सुनवावेसे वाटले होते.

आमचं ठरलेलं हॉटेल कर्जतच्या चार फाट्याकडचं, शेट्टी अण्णांचं. सनमायकाची टेबलं, मागं हात धुवायचं बेसिन, काउंटरवर बडीशेपेची वाटी. इडली-वडा, डोसे, दुपारी थाळी. फार भारी नाही, पण डोसा तव्यावरून थेट ताटात यायचा, आणि आठवडाभर डब्यातली गार पोळी खाल्लेल्या माणसाला तेवढं पुष्कळ असतं. बाई आत शिरल्या की बरोबर मधलं टेबल धरायच्या. तिथून सगळं हॉटेल दिसायचं. कोण काय खातोय, कुणाची चटणी संपलीय, कुणाच्या पोराला वडा तिखट लागतोय, सगळं.

वेटर यायचा. घारे सर वडा-सांबार सांगायचे, मुल्ला मॅडम इडली, मी मसाला डोसा. मग तो बाईंकडं बघायचा.

"मला काय नको," बाई म्हणायच्या. "मी यांच्यातलं खाईन."

हे वाक्य ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांना त्यातली दहशत कळणार नाही. ताटं आली की बाईंचा हात टेबलभर फिरू लागे. मसाला डोशाला दोन टोकं असतात. भाजी तिथवर पोचलेली नसते, कडा लालसर झालेल्या असतात, मोडताना कुरकुर आवाज येतो. मी डोसा मागवते तो त्या टोकांसाठी. मी चमचा उचलायच्या आत बाई एक टोक मोडून मुल्ला मॅडमच्या ताटात ठेवायच्या.

"घ्या मॅडम, कुरकुरीत हाय."

दुसरं घारे सरांच्या ताटात.

"बाई, ते मला हवं होतं," मी म्हणायचे.

"तुला मधलं हाय की गं. भाजी सगळी तुलाच."

सरांचा अर्धा वडा माझ्याकडं, मॅडमची एक इडली सरांकडं. पाच मिनिटांत कुणी काय मागवलं होतं ते शेट्टी अण्णांनासुद्धा सांगता आलं नसतं. सांबाराची छोटी बादली घेऊन वेटर आला की बाई त्याच्या हातातला डाव काढून घ्यायच्या. "आना इकडं, तुमी तिकडं बघा," असं त्यालाच सांगायच्या. आमचं झालं की तोवर गार पडलेली इडली, वड्याचा तुकडा, वाटीच्या बुडाशी राहिलेलं सांबार, असं गोळा करून तीन घासांत संपवायच्या, चटणीची वाटी बोटानं पुसायच्या, ताटांची चळत करून वेटरच्या हाती द्यायच्या. शेजारच्या टेबलावरचे लोक आमच्याकडं बघायचे. एका बाईला उष्ट्यावर ठेवून आम्ही तिघं चरतोय असंच दिसत असणार. मी मान खाली घालून बडीशेप चघळत बाहेर पडायचे आणि भडकलेली असायचे. डोसा गेला तो गेलाच, वर पाप माझ्या माथी.

यावर घारे सरांनी एक तोड काढली. खोपोली रस्त्याला एक नवं हॉटेल निघालं होतं, तिथं थाळीच मिळायची. भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी होती की एक थाळी एकाच व्यक्तीसाठी. सर म्हणाले, आपण बाईंसाठी स्वतंत्र थाळी मागवू, नियमच आहे म्हटल्यावर काय करतील. आम्ही तिघं मोठ्या आनंदानं गेलो. चार थाळ्या आल्या. बाईंच्या समोर पुऱ्या, दोन भाज्या, आमटी, कोशिंबीर, गुलाबजाम, पापड. त्या ताटाकडं बघत राहिल्या, दुसऱ्याचं सामान चुकून आपल्या दारात उतरवल्यासारख्या.

मग त्यांनी गुलाबजाम मुल्ला मॅडमला दिला. पुरी सरांना. पापड मला.

वेटर पळत आला. आमच्याच वयाचा, मिशीवाला माणूस. "मॅडम, थाळी शेअर करायची नाही. पाटी लावलीय."

"शेअर कुठं करते?" बाई म्हणाल्या. "यांना वाढते."

"तेच ते, मॅडम."

"तेच कसं? त्यांच्या थाळीत हायेच ना सगळं? मी वर वाढते. तुमच्यात वाढल्याव जास्त पैसं लागतात का?"

मालक आला. त्यानं समजावून पाहिलं. बाईंनी त्याला त्याच्या घरी कोण वाढतं, आई आहे का, तिचं गुडघ्याचं दुखणं कसं आहे, इथवर नेलं. शेवटी तो स्वतः आमटीचं भांडं घेऊन आला आणि बाईंनी त्याच्या हातून डाव घेऊन आम्हाला आमटी वाढली. आम्ही लाजेनं लाल. बाईंच्या स्वतःच्या थाळीत कोशिंबीर आणि एक पुरी राहिली होती, तीसुद्धा त्यांनी धाकट्या मुलासाठी कागदात गुंडाळायला मागितली. घारे सर परतताना गाडीवर मला म्हणाले, "आपण हरलो हो मॅडम." ते हसत होते. मला हसू येत नव्हतं.

असं का करता, असं मी त्यांना एकदा सरळ विचारलं. पेपर तपासत बसलो होतो, स्टाफरूममध्ये तिसरं कुणी नव्हतं. त्या लाल पेन न थांबवता बोलल्या. लग्न होऊन त्या मोठ्या खटल्याच्या घरात आल्या. दीर, नणंदा, सासऱ्यांचे भाऊ, शेतावरची माणसं. दुसऱ्याच दिवशी सासूनं हातात डाव दिला आणि सांगितलं की जिच्या हाती डाव तिनं शेवटी जेवायचं. वाढणारी मधेच जेवायला बसली की अन्न पुरत नाही. त्या घरात हे सगळ्या मानत. एकदा थोरली नणंद भूक लागली म्हणून मधे बसली आणि खरंच भात कमी पडला, आणि ते वर्षानुवर्षं घरात सांगितलं गेलं.

"तुम्ही बी.एस्सी. आहात, बाई," मी म्हणाले.

"बीएड पन हाये," त्या म्हणाल्या आणि पुढचा पेपर ओढला.

"मग तुमचा विश्वास आहे का यावर?"

"इश्वास कुठला? त्या दिवशी तांदूळच कमी टाकले व्हते, मी सोता टाकले व्हते." मग पेपर उलटत, "पन डावाची एक गंमत हाय गं. आमचा सासरा लई तापट. घरात कुनाची टाप नव्हती त्याच्या म्होरं बोलायची. पन जेवायला बसला का माझ्याकडं बघायचा. मी वाढीन तवा खायचा. माशाचं डोकं कुनाला द्यायचं ते मी ठरवायची."

हे सांगताना त्यांचा चेहरा इतका खूश होता की माझा आणखीच संताप झाला. मी त्यांची कीव करायच्या तयारीत बसले होते आणि त्या मला राज्यकारभार सांगत होत्या.

त्यांच्या घरी मी एकदाच जेवले. भिसेगावात दोन खोल्यांच्या पुढं वाढवून बांधलेलं घर, मागं शेवग्याचं झाड. मी राहते शेलूला, नव्या इमारतींच्या गर्दीत, आमच्याकडं स्वयंपाक म्हणजे नवरा-बायकोनी वेळ वाचवायची कसरत. बाईंनी बोलावलं ते वालाचं बिरडं खायला. सोललेले वाल, वर ओलं खोबरं, आमसुलाचा आंबटपणा अगदी पुसट. तांदळाची भाकरी तव्यावर फुगून माझ्या ताटात येत होती, तिला वाफेचा वास होता, आणि बाजूला सुक्या बोंबलाची चटणी. पहिल्या घासाला मी बोलणंच विसरले. आमच्याबरोबर इतकी वर्षं ही बाई इडलीचे गार तुकडे गोळा करत होती आणि घरी हे रांधत होती.

पण मी ठरवून आले होते. दुसरा घास घ्यायच्या आधी मी हात आखडता घेतला. "बाई, तुम्ही बसा. तुम्ही बसल्याशिवाय मी खाणार नाही."

"भाकरी गार व्हईल."

"होऊ दे."

त्यांच्या सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, तोंडात दात नाहीत, डोळे मात्र तल्लख. त्या म्हणाल्या, "जेव गं बाय. ती काय बसायची नाय. मी सांगून थकले."

"तुम्हीच तर नियम घातला, आजी," मी म्हणाले.

"घातला तवा घरात पन्नास मानसं येत-जात व्हती. आता तिघं चौघं हाव आमी. मी म्हनते तिला, बस म्हनून. आयकते का?"

बिरड्यावर साय धरू लागली. शेवटी बाई उठल्या, एक ताट घेतलं, माझ्यासमोर बसल्या. ताट रिकामं. त्यात त्यांनी काहीही वाढून घेतलं नाही. "हं, बसले," त्या म्हणाल्या. "जेव आता." आणि बसल्या जागेवरून हात लांब करून माझ्या ताटात आणखी बिरडं वाढलं. मी जेवले. चवीपुढं मानानं काय करायचं. पण आतल्या आत धुमसत जेवले.

निघाले, कोपऱ्यापर्यंत गेले आणि आठवलं की छत्री राहिली. परत आले तर पुढच्या खोलीत सासूबाई डुलकी काढत होत्या. आत चुलीपाशी बाई जमिनीवर फतकल मारून बसल्या होत्या. मांडीत भाताचं पातेलं. त्या बुडाची खरवड उलथन्यानं सोडवत होत्या, वर दही, वर बिरड्याचा रस्सा, आणि बोटं चाटत खात होत्या. पाय लांब सोडलेले, पदर खांद्यावरून घसरलेला. इतकी निवांत बाई मी शाळेत कधी पाहिली नव्हती. माझी चाहूल लागली तसं त्यांनी मान वर केली.

"छत्री खुंटीला हाय," त्या म्हणाल्या. "आता बोलू नको माझ्याशी. हा माझा टाइम हाय."

मी छत्री घेऊन निघाले. आपण ज्या बाईला वाचवायला आलो होतो तिला वाचायचंच नाही, असं वाटून त्या दिवशी मी त्यांचा नाद सोडला. चार महिने तरी सोडला.

मग त्यांना साखर निघाली. भिसेगावातल्या डॉक्टरांनी गोळी दिली आणि बजावलं की गोळी घेतली की अर्ध्या तासात जेवायचं, कुणासाठी थांबायचं नाही. बाईंनी गोळी मात्र नेमानं घ्यायला सुरुवात केली. गोळीच्या बाबतीत त्या फार काटेकोर होत्या. मी मुल्ला मॅडमना म्हटलं, "हे धोक्याचं आहे. उपाशी पोटी घेण्यापेक्षा न घेतलेली बरी." मॅडम म्हणाल्या, "तू सांग. मी सांगितलं तर माझ्याच डब्यातली खीर मला वाढतील."

खालापूरला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. मी आणि बाई दोघी गेलो. दुपारी जेवण उशिरा आलं. पुरी, बटाट्याची रस्साभाजी, भात. आणणाऱ्यांकडं वाढायला माणसं पुरेशी नव्हती, रांग लांबच लांब, लोक कुरकुर करत होते. मी ताट घेऊन रांगेत उभी होते आणि मान उंच करून पाहते तर टेबलामागं रस्सा वाढतंय कोण, तर आमच्या बाई. पदर खोचलेला, डाव हातात, प्रत्येकाच्या ताटात बटाट्याच्या फोडी मोजून, हसत, "बसा निवांत, अजून हाय," असं म्हणत.

माझी पाळी आली. "गोळी घेतलीत?"

"घेतली गं, मघाशीच."

"मग या इकडं. बसा."

"एवढी लाइन संपू दे."

मी तिथंच भांडले असते, पण मागच्या सरांनी "अहो मॅडम, पुढं चला" म्हटलं. मी पुढं गेले, ताट टेकवलं, आणि मागून आवाज आला. डाव रश्श्यात पडला होता. बाई टेबलाला धरून उभ्या होत्या, कपाळावर घाम, ओठ पांढरे, डोळे कुठं तरी लांब. मग गुडघे वाकले. मी कशी पोचले मला आठवत नाही. चहाच्या टेबलावरची साखर मूठभर घेऊन मी त्यांच्या गालात कोंबली. तोंड धरून ठेवलं. त्यांचं अंग इतकं थंड लागत होतं की मी देवाचं नाव घेत होते, एरवी मी घेत नाही.

हळूहळू डोळे हलले. माझ्याकडं बघितलं, ओळखलं. ओठांवर साखर चिकटलेली, आणि त्या पुटपुटल्या, "मागं किती जन ऱ्हायलेत?"

मी ओरडले. प्रशिक्षणाला आलेलं सगळं सभागृह बघत होतं आणि मी जमिनीवर बसून माझ्यापेक्षा वयानं मोठ्या असलेल्या बाईवर ओरडत होते. "तुम्ही मेलात तर या रांगेतला एक माणूस तरी उपाशी राहणार आहे का? एक तरी? रश्श्याचा डाव कुणीही धरेल, बाई. तुमच्या तोंडात घास कोण घालणार?" असंच आणखी काहीबाही. माझा आवाज फाटला होता. बाईंनी पदरानं ओठांवरची साखर पुसली.

तिथल्या डॉक्टरांनी तपासलं. ते बाईंशी नाही, माझ्याशी बोलले, बहुतेक मी जास्त घाबरलेली दिसत होते. म्हणाले, आज जवळ कुणी होतं. पुन्हा असं झालं आणि जवळ कुणी नसलं तर उठणार नाहीत.

परतताना टेंपोतल्या मागच्या बाकावर आम्ही दोघीच होतो. बाई बाहेर बघत होत्या. मान न वळवताच म्हणाल्या, "मला येतच नाय गं ते."

"काय?"

"जेवायला. ताट म्होरं आलं का नजर आपोआप दुसऱ्याच्या ताटाव जाते. मानूस दिसला का हात डावाकडं जातो. मग माझा घास उतरत नाय. लाज नाय वाटत बरं का. भ्याव वाटतं."

"कसलं भ्याव?"

"कमी पडंल याचं." मग स्वतःच कडवट हसल्या. "कुनाला कमी पडंल, इचार. पोरगा कमावता हाय. तरी पन. वाढनारी बसली का कमी पडतं. येवढी शाळा शिकले, पोरांना शिकवलं, पन हे निघत नाय."

"मग कधी जेवाल? खरवड खायची तेवढंच?"

"तवा कोन नसतं," त्या म्हणाल्या. "म्हनून जाते ती खाली."

चौक मागं पडेपर्यंत त्यांचा हात माझ्या हातात होता आणि तो अजूनही गारच होता.

पुढचे काही आठवडे मी स्टाफरूममध्ये त्यांच्यावर पहारा ठेवला. मधली सुट्टी झाली की त्यांचा डबा मी उघडायचे, समोर बसायचे आणि त्यांचा हात माझ्या डब्याकडं आला की बाजूला करायचे. "पोलीस हायेस का गं तू?" त्या वैतागायच्या. मी हो म्हणायचे. दोन घास खायच्या, मग घशात अडकल्यासारखं करून पाणी प्यायच्या. आम्ही दोघीही त्या पहाऱ्याला कंटाळलो होतो. आणि नेमकी तेव्हाच संस्थेनं माझी बदली नेरळकडच्या शाखेत केली. निरोप समारंभात शिरा बाईंनीच वाढला, हे सांगायला नकोच.

मग फोन. "जेवलात का?" "हो गं हो." मागं ताटांचा आवाज, कुणाला तरी "घे की अजून" म्हटलेलं. मला कळायचं. मी चिडून फोन ठेवायचे. पुढं बाई निवृत्त झाल्या आणि फोनही विरळ झाले. त्यांची आठवण आली की आधी ती पांढरी पडलेली जिवणी आठवायची, आणि मग राग यायचा, आणि रागाबरोबर भीती.

मागच्या हिवाळ्यात मुलीच्या दाखल्याच्या कामासाठी कर्जतला जावं लागलं. काम लांबलं. एक वाजून गेला होता, पोटात कावळे कोकलत होते, आणि पाय आपोआप चार फाट्याकडं वळले. कितीतरी दिवसांनी मी एकटी डोसा खाणार होते, दोन्ही टोकांसकट. नुसत्या कल्पनेनं बरं वाटत होतं. काचेच्या दारावर हात ठेवला आणि आत बाई दिसल्या.

मधल्या टेबलावर नाही. पार मागं, बेसिनशेजारी एक छोटं टेबल आहे, एकाच माणसाचं, तिथं कुणी बसत नाही कारण समोर नुसती फरशांची भिंत आहे. बाई भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या. सगळं हॉटेल त्यांच्या पाठीमागं. पाठीमागं एका बाकावर एक कुटुंब जेवत होतं, एक मूल वडा तिखट म्हणून भोकाड पसरत होतं, आणि बाईंचा अंबाडा हलला नाही. मला बाजूनं त्यांचा गाल आणि हात दिसत होते. केस बरेच पांढरे झाले होते. पर्समधून त्यांनी गोळीची पट्टी काढली, गोळी घेतली, पाणी प्यायल्या, आणि हात मांडीवर ठेवून समोरच्या फरशीकडं बघत राहिल्या.

मला तेव्हा समजलं की आम्ही इतकी वर्षं बाईंना माणसांत बसवून जेवायला लावत होतो, आणि त्यांनी स्वतःच माणसांकडं पाठ फिरवायचा उपाय शोधला होता. सगळ्यांना दिसेल अशी मधली जागा सोडून त्या भिंतीसमोर येऊन बसल्या होत्या.

डोसा आला. गरम होता, वाफ मला दाराबाहेरून दिसली. सांबाराची बादली घेऊन वेटर आला, तोच जुना. बाईंचा उजवा हात टेबलावरून उठला, डावाच्या दिशेनं थोडा पुढं गेला. मग त्यांनी तो खाली घेतला, मांडीवर ठेवला आणि डाव्या हातानं धरून ठेवला. वेटरनं वाढलं आणि तो गेला.

मी अजून दारातच होते. आत जायचं, "बाई" म्हणून हाक मारायची, त्या फिरून बघतील, ओरडतील, शेजारची खुर्ची ओढतील, आणि पुढच्या क्षणाला डोशाचे दोन भाग होतील आणि मोठा माझ्याकडं येईल. सगळं मला डोळ्यांपुढं दिसत होतं. मला त्यांच्या गळ्यात पडायचं होतं आणि मी दाराचा दांडा धरून तशीच उभी राहिले. भूक इतकी लागली होती की मला त्यांचा रागही आला. शहाणी बाई, आजचाच दिवस सापडला का.

बाईंनी डोशाचं टोक मोडलं. कुरकुरीत, लालसर टोक. सवयीनं ते ताटाच्या कडेला ठेवलं, कुणाच्या तरी वाटणीचं. भाजीकडचा भाग त्या खाऊ लागल्या, एकेक घास, चटणी लावून, सावकाश. दुसरं टोकही मोडून पहिल्याशेजारी ठेवलं. सगळा डोसा संपला. कडेला ती दोन टोकं राहिली. बाई त्यांच्याकडं बघत बसल्या. मागचं मूल अजून रडत होतं. मला वाटलं, आता वळतील, आता त्याला नेऊन देतील.

त्यांनी एक टोक उचललं आणि तोंडात घातलं. मग दुसरं.

मी दाराचा दांडा सोडला. फाट्यावरच्या गाडीवर उभ्या उभ्या एक वडापाव खाल्ला. वडा गार होता आणि चटणी खारट होती.